न दिसणारे कुंपण आणि आपली गल्ली



अलीकडे आपल्या बैठकींत कार्यक्रमपत्रिकेवर नसलेला एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे कुत्र्यांचा. त्याची निमित्ते दोन. पहिले सर्वोच्च न्यायालयाचे. २०२५ च्या जुलै ते नोव्हेंबर या काळात न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल एकामागून एक आदेश दिले आणि देशभर त्यावर वाद झाले. दुसरे निमित्त घरचे. आपल्यातली बरीच कुटुंबे लहरीपुरा, दांडिया बाजार, मदनझापा या भागांतली जुनी घरे सोडून भायली, गोत्री, वाघोडिया रोड अशा बाजूंना राहायला गेली. तिथे अंगण मिळाले आणि अंगणाबरोबर कुत्राही आला. मग परदेशातले चिरंजीव फोनवर सांगू लागले की आमच्याकडे जमिनीखाली तार पुरतात, कुत्रा अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही, तुम्हीही बसवून घ्या. अशी यंत्रे आता आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येतात.

हा सल्ला घ्यावा की नाही, एवढ्यापुरताच हा लेख लिहिता आला असता. पण थोडा खोलात विचार केला तर त्यातून आपल्या शहराचा मोठा प्रश्न दिसतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र मांडतो.

हे कुंपण चालते कसे

घराभोवतीच्या जागेच्या कडेने, जमिनीत काही इंच खोल एक तार पुरतात. तिची दोन्ही टोके घरातल्या किंवा गॅरेजमधल्या एका छोट्या पेटीला जोडलेली असतात. ही पेटी तारेतून रेडिओ लहरी सोडते. तारेत कुत्र्याला लागेल असा करंट नसतो, हे आधी लक्षात घ्यावे. कुत्र्याच्या गळ्यात जो पट्टा असतो त्यात या लहरी ओळखणारे यंत्र आणि बॅटरी असते. कुत्रा तारेच्या जवळ गेला की पट्टा आधी पीप-पीप वाजतो. तरीही पुढे गेला तर पट्ट्यातल्या दोन धातूच्या टोकांतून मानेला विजेचा झटका बसतो. तार ते पेटी हा जो मधला भाग असतो तिथे दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात. त्यामुळे तेवढ्या भागातल्या लहरी एकमेकींना मारून टाकतात आणि कुत्रा तिथून बिनधास्त जाऊ शकतो.

ही कल्पना अमेरिकेतली. रिचर्ड पेक नावाच्या गृहस्थांना तिचे पेटंट १९७३ साली मिळाले. म्हणजे हे तंत्र पन्नास वर्षांहून जुने आहे. तिकडे ते रुजले त्याला कारणही आहे. अमेरिकेतल्या उपनगरांत घरापुढे मोकळे हिरवळीचे अंगण असते आणि अनेक वसाहतींत घरमालकांच्या संघटनेचा नियम असतो की पुढच्या बाजूला भिंत किंवा जाळी घालायची नाही. म्हणजे शोभा मोडायची नाही, पण कुत्राही रस्त्यावर जाता कामा नये. अशा जागी हे कुंपण सोयीचे पडते.

नुसती तार पुरून मात्र काम होत नाही. सुरुवातीला सीमेवर छोटे झेंडे रोवतात आणि कुत्र्याला दोरीने धरून रोज थोडा वेळ त्या झेंड्यांपर्यंत नेऊन मागे फिरवायला शिकवतात. असे दोन-तीन आठवडे तरी करावे लागते. ही शिकवणी न देता पट्टा बांधला, तर कुत्र्याला झटका कशाचा बसला हे कळतच नाही. त्याच क्षणी समोरून पोस्टमन किंवा एखादे मूल जात असेल तर तो झटक्याचा संबंध त्या माणसाशी लावतो, आणि शांत कुत्राही माणसांवर भुंकू लागतो, चावू लागतो.

आपल्यापैकी जे आजी-आजोबा सहा-सहा महिने मुलांकडे राहायला जातात त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी इथेच सांगून ठेवतो. कुत्र्याला फिरायला नेताना तो पट्टा आधी काढावा आणि साधा पट्टा बांधावा, नाहीतर आपणच त्याला ओढत तारेवरून नेतो आणि बिचाऱ्याला झटका बसतो. रोज रात्री पट्टा काढून मान पाहावी, कारण धातूची टोके सतत टोचत राहिली की तिथे जखम होते. पेटी वाजू लागली तर तार कुठेतरी तुटली आहे असे समजावे, आणि मुलांना विचारल्याशिवाय बागेत कुदळ मारू नये.

सगळ्यांनाच ते मान्य आहे असे नाही

परदेशात म्हणजे सगळीकडे हे चालते, असा आपला समज असतो. तसे नाही. वेल्समध्ये २०१० पासून विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांना बंदी आहे आणि त्या बंदीत हे जमिनीखालचे कुंपणही येते. पट्टे बनवणाऱ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, पण तिथे त्यांचे काही चालले नाही. जर्मनीतही असे पट्टे वापरता येत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२३ साली जे नियम मांडले गेले ते माणसाने हातातल्या रिमोटने झटका देण्याबद्दलचे होते. जमिनीखालचे कुंपण त्यांतून वगळले होते, कारण त्यामुळे कुत्री-मांजरे गाडीखाली येण्यापासून वाचतात असा युक्तिवाद झाला. म्हणजे एकाच प्रश्नाकडे शेजारशेजारचे देश वेगळ्या नजरेने पाहतात.

आपल्याकडे १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्यातल्या अकराव्या कलमात एक तरतूद अशी आहे की कुत्र्याला कायम साखळीला किंवा कोंडून ठेवणाऱ्या मालकाने त्याला पुरेसे फिरवले नाही, तर तोही गुन्हा आहे. आमच्या पाहण्यात अनेक बंगल्यांतले कुत्रे दिवसभर गेटजवळ दोन हात लांबीच्या साखळीला असतात. झटक्याच्या पट्ट्याला नाक मुरडणाऱ्यांनी या साखळीकडेही पाहावे. प्राण्याला होणारा त्रास हा परदेशी यंत्रातूनच होतो असे नाही.

इथे ते का जमणार नाही

आता आपल्या शहराकडे येऊ. बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना आम्ही आधी एकच प्रश्न विचारत असू की जोखीम कोणत्या बाजूने येणार आहे. तोच प्रश्न इथे विचारला तर उत्तर स्पष्ट मिळते. अमेरिकेतल्या त्या अंगणात जोखीम आतून बाहेर जाते, म्हणजे आपला कुत्रा रस्त्यावर जाईल ही काळजी असते. रस्त्यावर मोकळी कुत्री जवळजवळ नसतातच. बडोद्यात जोखीम बाहेरून आत येते.

जमिनीखालची तार फक्त पट्टा बांधलेल्या कुत्र्याला अडवते. गल्लीतला कुत्रा तिच्यावरून आरामात आत येतो. त्यांची भांडणे जुंपली तर आपल्या कुत्र्याला पळायला जागा उरत नाही, कारण मागे घर आणि पुढे झटका. त्यातून बाहेरचा कुत्रा पिसाळलेला असेल तर संकट थेट घरात येते. शिवाय एखादा जोमदार कुत्रा मांजरामागे धावताना झटका सोसून बाहेर गेलाच, तर परत येताना त्याला पुन्हा तोच झटका बसतो, म्हणून तो घराकडे यायला कचरतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, न दिसणारे कुंपण रस्त्याने जाणाऱ्याला दिसत नाही. धावत अंगावर येणारा कुत्रा दोन हातांवर थांबेल हे शेजारच्या आजींना कसे कळावे? घाबरून त्या पडल्या आणि हाड मोडले तर कुत्रा चावला नाही हे सांगून काय उपयोग?

लहरीपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत तर प्रश्नच मिटतो. तिथे अंगणच नाही. घराचा ओटा संपला की पोळीचा रस्ता सुरू होतो आणि तो सगळ्यांचा असतो. उपग्रहावर चालणारे नव्या तऱ्हेचे पट्टे निघाले आहेत, त्यांना तार लागत नाही. पण त्यांच्या मोजणीत काही मीटरची चूक होते, आणि उंच घरांच्या मधल्या अरुंद गल्लीत ती आणखी वाढते. जिथे समोरासमोरच्या घरांत आठ-दहा फुटांचे अंतर, तिथे काही मीटरची चूक म्हणजे कुत्रा थेट शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात.

भिंत गेली, दरवाजे राहिले

लहरीपुऱ्याला कुंपणाचा अनुभव नवा नाही. जुने बडोदे तटबंदीचे शहर होते. पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडी, असे चार दरवाजे आणि मधोमध मांडवी. आज तट जवळजवळ राहिला नाही, दरवाजे तेवढे उभे आहेत. तरीही आपण अजून 'दरवाजाच्या आत' आणि 'दरवाजाच्या बाहेर' असे बोलतो. भिंत नसली तरी वेस लोकांच्या मनात असते आणि वागण्यातही दिसते.

कुत्र्यांचेही असेच असते. दिवसभर मंगळबाजार आणि न्यायमंदिराच्या परिसरात पाय ठेवायला जागा नसते. रात्री दुकानांची शटर्स पडली की रस्ता कुत्र्यांचा होतो. प्रत्येक पोळीची टोळी वेगळी आणि तिची हद्दही ठरलेली. एका पोळीचा कुत्रा दुसरीच्या तोंडाशी गेला की सगळी भुंकत उठतात. ही हद्द कोणी आखत नाही, पण ती मोडली की भांडण ठरलेले. शास्त्रज्ञ जे सांगतात तेही हेच आहे. एका भागातली सगळी कुत्री उचलून नेली आणि तिथला उकिरडा तसाच राहिला, तर मोकळ्या जागेत नवी कुत्री येतात, ज्यांची ना नसबंदी झालेली असते ना लसीकरण. म्हणून नसबंदी करून, लस टोचून, कुत्र्याला पुन्हा त्याच जागी सोडण्याची पद्धत आली. आपल्याकडे २००१ साली त्याचे नियम झाले आणि २०२३ साली ते नव्याने काढले गेले.

न्यायालयाने काय सांगितले

न्यायालयाचे आदेश वर्तमानपत्रांतून तुकड्या-तुकड्यांनी आले, त्यामुळे बराच गोंधळ झाला. क्रमाने सांगतो. जुलै २०२५ च्या अखेरीस न्यायालयाने एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा, परत सोडू नका, असे सांगितले. त्यावर मोठा गदारोळ झाला. २२ ऑगस्टला न्या. विक्रम नाथ, न्या. संदीप मेहता आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने तो आदेश बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यांना त्यांच्याच भागात सोडावे, मात्र रेबीज झालेल्या, रेबीजचा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना सोडू नये, असे ठरले. रस्त्यात कुठेही खायला घालता येणार नाही, प्रत्येक वॉर्डात त्यासाठी जागा ठरवून द्यावी, असेही सांगितले. याच वेळी प्रकरणाची व्याप्ती साऱ्या देशापुरती वाढवली गेली.

पुढे ७ नोव्हेंबरला याच पीठाने शाळा-कॉलेजे, इस्पितळे, क्रीडासंकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्याबद्दल वेगळा आदेश दिला. या आवारांना भिंत किंवा कुंपण आणि दारे असावीत, प्रत्येक ठिकाणी एक जबाबदार अधिकारी नेमावा, स्थानिक संस्थेने दर तीन महिन्यांनी पाहणी करावी आणि इथून उचललेली कुत्री पुन्हा तिथेच सोडू नयेत.

म्हणजे शेवटी गोष्ट कुंपणावरच आली. शाळा आणि इस्पितळ यांना भिंत घालता येते, ती घातलीच पाहिजे. पण ज्या पोळीतून मूल शाळेत जाते त्या पोळीला भिंत कशी घालणार? मधला जो रस्ता उरतो, त्याचा प्रश्न या आदेशाने सुटत नाही. तो आपणच सोडवायचा आहे.

आकडे काय बोलतात

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या ३७,१७,३३६ घटना नोंदल्या गेल्या आणि रेबीजने झालेले संशयित मृत्यू ५४. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात आणि त्यांतली तिसऱ्या हिश्शाहून अधिक भारतात. दोन्ही आकड्यांत एवढी तफावत का, तर नोंद झालेले मृत्यू वेगळे आणि प्रत्यक्षात झालेले वेगळे. ज्यांनी हिशेब तपासण्यात आयुष्य घालवले त्यांना हे नव्याने सांगायला नको.

रेबीजची लक्षणे एकदा दिसली की उपचार जवळपास नाही. पण लक्षणे दिसण्यापूर्वी लस घेतली तर माणूस वाचतो. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद किंवा मिरची भरू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जखम खोल असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. पहिले इंजेक्शन घेऊन 'आता बरे वाटते' म्हणून पुढची चुकवणारे आपल्यातही आहेत. ती सगळी घ्यायचीच असतात. घरच्या कुत्र्याने नुसते ओरखडले तरी डॉक्टरांना दाखवावे.

आता या लेखातला मुख्य मुद्दा. एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस दिली की रेबीज तिथे पसरू शकत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या मते आपल्या शहरात चालणारे न दिसणारे कुंपण हेच. ते जमिनीत पुरावे लागत नाही, त्याला बॅटरी नको, आणि ते पाळीव-भटका, गरीब-श्रीमंत असा भेद करत नाही. गोव्यात हे करून दाखवले गेले. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी वर्षानुवर्षे गावोगाव फिरून कुत्र्यांना लस दिली, शाळांतून मुलांना शिकवले, संशयित कुत्र्यांची तपासणी केली, आणि २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रणात आलेले राज्य म्हणून जाहीर झाले. गोव्यातही अरुंद गल्ल्या आहेत, मोकळी कुत्री आहेत, मासळी बाजार आहेत. तिथे जमले ते इथे का जमू नये?

मालकाच्या खात्यावर काय

भटक्या कुत्र्यांची जबाबदारी सेवासदनाची, हे बरोबर. २०२३ च्या नियमांतच ते आहे. पण त्याच नियमांत पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला नव्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शेजारच्या अहमदाबादेत १ जानेवारी २०२५ पासून पाळीव कुत्र्यांची नोंदणी सुरू झाली, सुरुवातीची फी दोनशे रुपये. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या हाथीजण भागात पाळीव रॉटवायलरच्या हल्ल्यात चार महिन्यांची बालिका गेली. तो कुत्रा भटका नव्हता, घरचा होता. ही घटना प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्याने लक्षात ठेवावी.

उलट बाजूही सांगायला हवी. एखाद्या सोसायटीने 'इथे कुत्रा पाळायचा नाही' किंवा 'कुत्र्याला लिफ्टमध्ये आणायचे नाही' असा ठराव केला, तर तो चालत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच तशा सूचना काढल्या आहेत. म्हणजे शेजाऱ्याने कुत्र्याला जागा द्यायची आणि मालकाने शेजाऱ्याला निर्धास्त ठेवायचे. व्यवहार दोन्ही बाजूंनी जुळला तरच ताळेबंद जुळतो.

आपल्या परंपरेत कुत्र्याला परके मानलेले नाही. दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारातही सोबतचा कुत्रा सोडला नाही. पण दत्ताच्या तसबिरीला हार घालून घरच्या कुत्र्याची लस चुकवली तर त्या भक्तीला अर्थ राहत नाही.

आपण काय करू शकतो

आमच्या सूचना पाच आहेत.

१. ज्या सभासदांकडे कुत्रा आहे त्यांनी लसीचे कार्ड आणि पुढची तारीख मंडळाकडे कळवावी. गणपतीची वर्गणी लक्षात ठेवतो तशी ती तारीख लक्षात ठेवू.

२. आपल्या पोळीतल्या कुत्र्यांची गणती करावी. किती, नसबंदी झालेली किती, हे लिहून सेवासदनाच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण असते, त्यावरून मोजता येते. तोंडी तक्रारीपेक्षा यादी जोडलेला अर्ज लवकर हलतो, हा आमचा नोकरीतला अनुभव आहे.

३. खायला घालणाऱ्यांशी भांडू नये, त्यांच्याशी जागा आणि वेळ ठरवावी. जिना, शाळेची वाट, मुलांचे खेळायचे ठिकाण सोडून. एका जागी येणारी कुत्री लशीसाठी पकडायलाही सोपी जातात.

४. रात्रीचे उष्टे रस्त्यावर टाकणे बंद करावे. कुत्री तिथेच जमतात.

५. बंगल्यात राहणाऱ्यांनी दिसणारे कुंपण आणि नीट बंद होणारे गेट करावे. तार पुरायचीच असेल तर ती भिंतीच्या आत, कुत्र्याला गेटपासून दूर ठेवण्यापुरती, आणि आधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून. भिंतीऐवजी तार, असे करू नये.

यातल्या दुसऱ्या सूचनेपासून सुरुवात करावी असे आम्हाला वाटते, कारण तिला पैसे लागत नाहीत, संध्याकाळचा एक तास लागतो. लहरीपुरा आणि आसपासच्या पोळींतल्या सभासदांनी आपली नावे मंडळाच्या कार्यालयात द्यावीत. पुढच्या मासिक बैठकीत वॉर्डवार वाटणी करू आणि यादी तयार झाली की एकत्रच अर्ज घेऊन जाऊ.